हेवर्डांच्या तेरा पिढ्या

“सर, आमच्या विहीणबाई तेरा पिढ्या घेऊन येऊन राहिल्या,” भगवानराव मुरके फोनवर म्हणाले, आणि रामलिंग धनुरे सरांच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

फोन नांदेडहून होता. सर देवणीत आपल्या अंगणात बसले होते. भगवानराव त्यांचे साडू. दोघी बहिणींतली थोरली सिंधु सरांच्या घरी आली, धाकटी जया भगवानरावांच्या. लग्नं झाली तेव्हा सर हायस्कुलात इतिहास शिकवायला लागलेले होते आणि भगवानराव देगलूरच्या एका आडतीत पोती उतरवून घ्यायच्या कामावर होते. सासरवाडीला दोघं एकत्र गेले, की सासरे सरांशी बोलत आणि भगवानरावांना गाडी धुवायला सांगत. ते दिवस फार टिकले नाहीत. भगवानरावांनी नांदेडला बी-बियाणांचं दुकान टाकलं, मग दुसरं टाकलं, मग तीन मजली घर बांधलं. त्यांची मुलगी शिल्पा नर्स होऊन इंग्लंडला गेली आणि तिथल्या टॉम हेवर्ड नावाच्या शाळामास्तराशी तिनं लग्न केलं.

या कशाचंच आपल्याला काही वाटत नाही, असं सर म्हणत. बऱ्याच अंशी ते खरंही होतं. दुकान त्यांना नको होतं आणि तीन मजले चढायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. पण पिढ्या? पिढ्या हा सरांचा प्रांत होता.

एकतीस वर्षं त्यांनी देवणी, वलांडी, बोरोळ या भागातल्या घराण्यांच्या वंशावळी जमवल्या होत्या. त्यासाठी ते मोडी शिकले. निजामाच्या काळातली दफ्तरं वाचता यावीत म्हणून उदगीरच्या एका मौलवीसाहेबांकडे दोन वर्षं उर्दूसाठी जात राहिले. बावीस वह्या झाल्या. लोखंडी कपाटाचा एक कप्पा त्या वह्यांचाच होता. छापायला कुणी तयार झालं नाही. लोक यायचे ते जातपडताळणीसाठी वंशावळ लागली की. झेरॉक्स काढून न्यायचे, ‘सर, लई उपकार झाले’ म्हणायचे आणि पुढच्या वेळी बाजारात भेटले तर दुसरीकडे बघायचे.

“तेरा पिढ्या?” सरांनी विचारलं.

“हाव. टॉमच्या घराण्याच्या. मोठा तक्ता केलाय म्हणं त्यांनी. आपल्या शिल्पाच्या ईशाचं बारसं करायचं राहिलं हाय ना, त्यासाठी समदे येऊन राहिले. तुम्ही आठ दिवस आधीच या. मला काय इंग्रजी येतंय? विहीणबाईशी बोलायला तुम्हीच पायजेत.”

सिंधुबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “तोंड असं का झालं?”

“कसं झालं?”

“आपल्या सत्यमचं नीटचं ॲडमिशन हुकलं तवा झालतं, तसं.”

सरांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

*

मार्गारेट हेवर्ड अडुसष्ट वर्षांच्या होत्या. उंच, किडकिडीत, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. जयानं घेऊन दिलेला सुती पंजाबी ड्रेस घालून त्या नांदेडच्या दिवाणखान्यात खाली सतरंजीवर बसल्या होत्या. सर मनात धरून आले होते की एखादी राणीसाहेब असेल. त्या पोस्टात तिकिटं विकायच्या खिडकीवर अडतीस वर्षं बसून रिटायर झालेल्या होत्या. नवरा पीटर नऊ वर्षांपूर्वी गेला. घर सुनं झालं, तेव्हा त्यांनी त्याच्या घराण्याचा शोध सुरू केला.

“पहिली दोन वर्षं मी फक्त त्याच्याशी बोलत राहावं म्हणून हे करत होते,” त्या म्हणाल्या. “मग नाद लागला.”

तक्ता उघडायला चहाचे कप, पाळणा आणि दोन खुर्च्या बाजूला साराव्या लागल्या. सरांनी चष्मा पुसला. डावीकडे टॉम. त्याच्यावर पीटर. त्याच्यावर त्याचा बाप, आजोबा, पणजोबा. प्रत्येकाचा जन्म, लग्न, मृत्यू. कुठल्या चर्चच्या वहीत कितव्या पानावर नोंद आहे तेही. अठराव्या शतकात थॉमस, त्याच्यावर विल्यम, आणि सगळ्यात वर जॉन हेवर्ड, सन पंधराशे अठ्ठ्याण्णव. बाई नुसत्या नोकरमाणसांच्या, शेतमजुरांच्या नोंदी दाखवत होत्या. एक हेवर्ड चौदा वर्षांचा असताना कुणाच्या शेतात कामाला होता हेसुद्धा कागदावर होतं.

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. शेतमजूर! आपल्याकडे शेतमजुराचं नाव तीन पिढ्यांनंतर कोण ठेवतं? स्वतः धनुऱ्यांची वंशावळ सरांनी मोठ्या मुश्किलीनं सात पिढ्या नेली होती आणि सातव्याचं फक्त नाव होतं, तेही दोन कागदांवर दोन प्रकारे. आणि ही पोस्टातली बाई, जिला ना मोडी शिकावी लागली ना मौलवीसाहेबांचे टोमणे ऐकावे लागले, ती तेरा पिढ्या सुटकेसमध्ये गुंडाळून घेऊन आली होती. आणि आली होती कुणाकडे? तर भगवानरावांकडे.

तक्त्याची उजवी बाजू मुरक्यांसाठी मोकळी ठेवलेली होती. तिथं शिल्पा, भगवानराव, त्यांचे वडील दगडोबा आणि आजोबा मल्लाप्पा, एवढी चार नावं होती. त्यावर प्रश्नचिन्ह.

“यांना सांगा,” मार्गारेटबाई सरांकडे वळून म्हणाल्या, “शिल्पानं मला सगळं सांगितलंय. काही नसताना यांनी एवढं उभं केलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. म्हणून त्यांची बाजू रिकामी ठेवायला मला लाज वाटते.”

“काय म्हणाल्या?” भगवानरावांनी विचारलं.

“घर चांगलं आहे म्हणतात,” सर म्हणाले. “आणि तुमची बाजू रिकामी आहे म्हणतात.”

भगवानरावांचा चेहरा उतरला. “सर, तुम्ही भरा की. तुमच्याएवढं कोणाला ठाव हाय? आमचे लोक त्या बिदरच्या अंगानं आले एवढं ऐकलंय बगा. आमच्या अण्णाच्या वेळंला एक हेळवी यायचा बैल घेऊन. घराण्याची नावं घडाघडा म्हणायचा. तो हाय का कोणी आता?”

शिल्पा बाळाला भरवत होती. तिनं सासूला हेळवी म्हणजे काय ते सांगितलं: घरोघर फिरून पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराण्याची वंशावळ सांभाळणारे लोक. मार्गारेटबाई गुडघ्यांवर उठून बसल्या. “म्हणजे माणसाच्या तोंडात जपलेली वही? असा कुणी आहे अजून?”

गुरुपादप्पा हेळवी दिवाळीनंतर सरांच्या अंगणात येऊन गेला होता. बैल नव्हता, मोटारसायकल होती, पण बापाआज्याच्या कानडीतल्या चोपड्या तशाच कापडात बांधलेल्या होत्या. सरांनी त्याला जेवू घातलं, धोतरजोडी दिली, आणि त्याचा नंबर फोनमध्ये घालून घेतला. मुरक्यांचं घराणं आपल्याकडेच आहे, हे त्यानं बोलता बोलता सांगितलं होतं.

“होता एक,” सर म्हणाले. आधी मराठीत, मग इंग्रजीत. “गुरुपादप्पा म्हणून. वारला तो. मुलांनी काम सोडलं.”

हे तोंडातून इतकं सहज बाहेर पडलं, की सरांनाच क्षणभर ते खरं वाटलं. मार्गारेटबाईंनी हळहळून मान हलवली. भगवानराव म्हणाले, “जाऊद्या. नशीब आपलं.”

*

बारशाला पाच दिवस होते. वह्या बघून येतो असं सांगून सर देवणीला परत आले. वह्यांना त्यांनी हात लावला नाही.

इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची पानं आता इंटरनेटवर दिसतात, हे मार्गारेटबाईंनीच त्यांना कौतुकानं दाखवलं होतं. मुलाचा, सत्यमचा, जुना लॅपटॉप उघडून सर बसले. कारण त्यांनी स्वतःला असं सांगितलं, की दुसऱ्याची पद्धत शिकावी. खरं कारण पहिल्या तासातच उघडं पडलं. तेरा पिढ्यांत कुठंतरी भोक असलंच पाहिजे आणि ते आपल्याला सापडलंच पाहिजे, याखेरीज त्यांच्या डोक्यात काही नव्हतं.

आडनावाचा अर्थ तर पहिल्या दुपारीच मिळाला. हेवर्ड म्हणजे जुन्या इंग्लंडात गावाच्या कुंपणांची राखण करणारा, पिकात शिरलेली जनावरं हाकलून कोंडवाड्यात घालणारा माणूस. सर एकटेच हसले. भगवानराव गावभर ‘लॉर्ड घराणं’ म्हणून सांगत होते!

मग पानं. तीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी हस्ताक्षर म्हणजे किड्यामुंग्यांची रांग, पण मोडी वाचलेल्या डोळ्यांना त्याची भीती वाटली नाही. कोणतं अक्षर कोणत्या वळणाचं, हे दोन दिवसांत बसलं. सिंधुबाई जेवायला हाका मारून थकल्या.

“कोणाचं काय धुंडून राहिले एवढं?”

“शिल्पाच्या सासरचं.”

“त्यांनी सांगितलं का धुंडायला?”

सरांनी पडद्यावरचं पान मोठं केलं.

चौथ्या दिवशी दुपारी ते सापडलं. तक्त्यावर लिहिलं होतं की विल्यम हेवर्डचा मुलगा थॉमस, जन्म सतराशे शहाऐंशी. तोच पुढं वाढला, त्याचं लग्न झालं, आणि त्याच्यापासून पीटरपर्यंत घराणं आलं. पण त्याच चर्चच्या दफनाच्या वहीत सतराशे अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये एक ओळ होती: थॉमस, विल्यम हेवर्डचा मुलगा, वय दोन वर्षं. म्हणजे तो थॉमस पाळण्याबाहेर आला नाही तोच मेला होता. मग लग्न कुणाचं झालं? सरांनी शेजारच्या गावाची वही उघडली. सतराशे सत्त्याऐंशी. थॉमस, ॲन हेवर्डचा मुलगा. पुढं दोन शब्द होते. लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या नावापुढं पाद्री त्या काळी जे लिहीत, ते. बापाचं नाव नव्हतं, आणि लग्नाच्या नोंदीत थॉमसचं गाव हेच लिहिलेलं होतं.

सर खुर्चीतून उठले, अंगणात गेले, पुन्हा आत आले. त्यांना मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. विल्यम गेला. विल्यमच्या वरचे चार गेले. तेरातले पाच पुरुष एका ओळीनं खाली आले होते, आणि मधोमध उभी राहिली होती एक कुणीतरी बाई, जिच्या पोराला बाप नव्हता.

त्यांनी दोन्ही पानांच्या छापील प्रती काढून आणल्या. बसस्टँडजवळच्या दुकानात मशीनमधून कागद बाहेर येताना पाहत असताना एक विचार त्यांना चाटून गेला: आपण एका दोन वर्षांच्या लेकराच्या मरणाची नोंद हातात घेऊन इतके खूश आहोत. पण तेवढ्यात दुसरा कागद आला आणि विचार मागं पडला.

*

बारशाला दीडेकशे माणूस जमलं होतं. देगलूरचे, हदगावचे, उदगीरकडचे. पाळणा झाला, कानात नाव सांगून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. टॉम फेटा बांधून घामानं निथळत सगळ्यांच्या पाया पडत होता. तक्ता मांडवाला लागून असलेल्या घराच्या भिंतीवर लावलेला होता, उजवी बाजू चार नावांचीच. जेवणाच्या आधी भगवानरावांनी माईक घेतला.

“आमच्या विहीणबाई लई मोठ्या घराण्यातल्या हायेत. तेरा पिढ्यांचा कागद हाय त्यांच्याजवळ. तो मला काय वाचता येत न्हाई. आमचे साडू रामलिंग सर म्हंजे या विषयातले इद्वान. सर, दोन शब्द बोला आमच्या विहीणबाईच्या घराण्यावर.”

भगवानरावांनी इतक्या भरवशानं माईक पुढं केला, की सर एक पाऊल मागं सरले. पण फक्त एकच. मग त्यांनी खिशातले कागद काढले आणि ते बोलले. वर्गात बोलत तसे सावकाश, खड्या आवाजात. हेवर्ड म्हणजे कोंडवाड्याचा राखणदार, हे त्यांनी सांगितलं. हदगावचा एक पाहुणा मोठ्यानं म्हणाला, “म्हंजे कोंडवाडेवाले व्हय!” आणि मांडवात हसू पसरलं. सर थांबले नाहीत. या तक्त्यातले वरचे पाच पुरुष खोटे आहेत, ते म्हणाले. हे घराणं सुरू होतं ते एका कुमारी मातेपासून. बाप कोण, हे त्या गावच्या पाद्र्यालाही ठाऊक नव्हतं.

हसू थांबलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शिल्पा बाळाला घट्ट धरून उभी होती. “काका,” एवढंच ती म्हणाली. भगवानराव खाली सतरंजीकडे बघत होते. त्यांच्या मानेवरची शीर उडताना सरांना दिसली. हेच पाहायचं होतं आपल्याला, सरांना वाटलं. आणि आता दिसल्यावर त्यांना माईक कुठं ठेवावा ते सुचेना.

मार्गारेटबाई शिल्पाला विचारत होत्या, काय म्हणाले, काय म्हणाले. शिल्पा नुसती बाळाला थोपटत राहिली. त्या उठून सरळ सरांपाशी आल्या. “मिस्टर धनुरे, तुम्ही सांगा.”

सरांनी सांगितलं. इंग्रजीत सांगताना सगळं छोटं झालं. कोंडवाड्याचं ऐकून बाई हसल्या. ते तर माहीत आहे, म्हणाल्या. मग सरांनी पहिला कागद पुढं केला.

त्यांनी चष्मा लावला. दफनाची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग दुसरा कागद. मागं भांड्यांचा आवाज येत होता. बाई तक्त्याखालच्या खुर्चीवर बसल्या.

“मी दफनाची वही पाहिलीच नाही,” त्या म्हणाल्या. “मला थॉमस सापडला आणि मी इतकी खूश झाले, की तो जगला का ते बघायचं राहून गेलं.” मग त्या म्हणाल्या, “विल्यमची कबर अजून आहे. कित्येक वर्षं मी दर वसंतात तिथं पिवळी फुलं ठेवते. पीटरच्या कबरीवर ठेवते तसलीच. परक्या माणसाला मी पीटरबद्दल सगळं सांगत बसत होते.”

सरांनी माईक खाली सतरंजीवर ठेवला.

बाईंनी टॉमकडे पेन मागितला. विल्यमच्या नावावर त्यांनी एक आडवी रेघ मारली, मग त्याच्यावरच्या चौघांवर. थॉमसच्या वर त्यांनी लिहिलं: ॲन. मग उभं राहून त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“नऊ वर्षांत मी हा तक्ता कितीतरी लोकांना दाखवला. सगळे म्हणाले, वा, छान. कुणीही बसून तपासला नाही. तुम्ही माझ्यासाठी चार दिवस दिलेत आणि मला आवडणार नाही हे माहीत असूनही खरं सांगितलंत. तुम्ही फार प्रामाणिक माणूस आहात.”

सरांचा चेहरा जळायला लागला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि जेवणाच्या पंगती बसायच्या आत ते वर गच्चीवर निघून गेले.

*

भगवानराव अर्ध्या तासानं वर आले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सर उभे होते.

“सर, एक इचारू? हे मला आधी फोनवर सांगता आलं नसतं का?”

“आलं असतं.”

“मग दीडशे मान्सांत का?”

सरांना पुष्कळ उत्तरं सुचली. इतिहासात सत्य महत्त्वाचं, वगैरे. पण खाली त्या बाईंनी प्रामाणिक म्हटलेलं अजून कानात होतं आणि त्याच्यावर दुसरं खोटं रचवेना.

“तुमचा उत्कर्ष मला बघवला नाही, भगवानराव. दुकानाचं नाही. घराचं नाही. हा कागद तुमच्या घरी आला, ते बघवलं नाही.”

भगवानरावांनी टाकीला हात टेकला.

“अजून एक आहे,” सर म्हणाले. “गुरुपादप्पा जिवंत आहे. दिवाळीनंतर माझ्याकडे जेवून गेला. तुमचं घराणं त्याच्याच चोपडीत आहे. मी खोटं बोललो.”

आता भगवानरावांचा आवाज चढला. “आरं, म्हंजे मी तितं चार नावं घिऊन भिकाऱ्यावानी बसलो, अन् तुमच्या खिशात त्याचा नंबर? जित्या मान्साला मारलं तुम्ही! माझ्या लेकीच्या सासूसमोर मला आज्याच्या वर बाप न्हाई, असं झालं, अन् तुम्ही बसून बगितलं?”

“हाव,” सर म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडी एरवी येत नसे.

भगवानराव कठड्यापर्यंत गेले, परत आले. “तुम्हाला साहेब साहेब करून सासऱ्यानं डोक्यावर बशिवलं, तवा मी गाडी धूत होतो. तीस वर्षं जळलो मी. पण तुमच्या पोटावर पाय दिला का कधी? सांगा.”

“नाही दिला.”

“लावा फोन त्याला. अबी लावा. माझ्यासमोर.”

सरांनी फोन लावला.

*

गुरुपादप्पा तिसऱ्या दिवशी आला. सर स्वतः उदगीरपर्यंत जाऊन त्याला घेऊन आले. वाटेत सरांनी त्याला सांगून टाकलं, की मी तुला मेला म्हणून सांगितलं होतं. गुरुपादप्पा साठीचा, दात पडलेला, मिशा राखलेला माणूस. तो गाडीत पोट धरून हसला. “मग माझं दिवस घातलं का न्हाई, सर?”

दिवाणखान्यात त्यानं चोपडी सोडली, हात जोडले आणि अर्धी कानडी, अर्धी मराठी अशा एका सुरात मुरक्यांचं घराणं म्हणायला सुरुवात केली. मल्लाप्पाचा बाप बसाप्पा. बसाप्पाचा बाप दुसरा दगडोबा. नाव लागलं की भगवानराव मान हलवायचे, जणू त्या माणसाला आपण ओळखत होतो. दहा पिढ्या झाल्या. मुळात यांचं आडनाव मुरके नव्हतंच. बिदरकडच्या मुर्की गावातून दुष्काळात दोन भाऊ दोन बैल घेऊन निघाले. एक बैल वाटेत मेला. देगलूरच्या अंगाला आले, तेव्हा लोक त्यांना मुर्कीवाले म्हणायला लागले. पुढं निजामाच्या शाळेतल्या मास्तरनं पोराचं नाव घालताना मुरके असं लिहून टाकलं. देशमुखी-बिशमुखी कुठंच नव्हती. भगवानरावांना त्याचं काही वाटलं नाही. ते डोळे पुसत होते. “येक बैल मेला म्हणं,” ते जयाला सारखं सांगत होते.

सर सगळं इंग्रजीत सांगत होते, मार्गारेटबाई लिहून घेत होत्या. मधेच त्या थांबल्या. “आणि आया? या सगळ्यांच्या आयांची नावं?”

गुरुपादप्पानं चोपडी चाळली. “बायांची नावं आमच्यात लिव्हत न्हाईत, बाई.”

मार्गारेटबाई सिंधु आणि जयाकडे वळल्या. दोघी बहिणी आधी हसल्या, मग आठवायला लागल्या. जयाची सासू रुक्मिणबाई. तिची सासू? “गंगवा म्हणायचे,” जया म्हणाली. “न्हाई गं, गंगवा चुलत सासू,” सिंधुबाई म्हणाल्या, “तिची सासू शिवकन्या. तुझ्या लग्नात म्हातारी खाटंवर पडून होती.” त्याच्या वर कुणाला काही सांगता येईना. बाईंनी तेवढी दोन नावं ठळक अक्षरांत लिहिली.

सर बघत होते. त्यांच्या बावीस वह्यांत एकाही आईचं नाव नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात एकतीस वर्षांत आलं नव्हतं आणि पोस्टातल्या बाईच्या पाच मिनिटांत आलं, हेही त्यांना टोचलं. टोचायचं थांबत नाही, हे तेव्हा त्यांना कळलं. भगवानराव त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. निरोप देताना मात्र म्हणाले, “घरी पोचलात की फोन करा.”

*

मार्गारेटबाई परत गेल्या आणि महिन्याभरात त्यांचा मेल आला. ॲनचे आईबाप कोण, हे शोधायचं होतं. तुम्ही मदत कराल का? सरांनी त्याच दिवशी होकार कळवला. मग दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल सुरू झाला. त्या वहीचं पान पडद्यावर लावायच्या, सर अक्षर लावायचे. ॲन सोळाव्या वर्षी एका शेतकऱ्याच्या घरी कामाला होती, एवढं सापडलं. तिनं पुढं लग्न केलं नाही आणि मुलाला स्वतःचं आडनाव दिलं. तिच्या बापाचा अजून पत्ता नव्हता. सर सोमवारपासून रविवारची वाट पाहू लागले. मधल्या दिवसांत त्यांनी आपल्या वह्या पुन्हा काढल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसू लागले. पहिल्याच आठवड्यात सिंधुबाईंच्या मदतीनं सव्वीस नावं मिळाली.

जून लागता लागता भगवानरावांचा फोन आला. पेरण्यांचे दिवस, दुकानात मागं गलका ऐकू येत होता.

“सर, शिल्पा सांगून राहिली, तुम्ही अन् विहीणबाई दर आईतवारी तास-दोन तास बोलता म्हणं.”

“हो. ॲनचं काम चाललंय.”

“आमच्याशी तर दोन मिनटं. ‘नमस्ते भगवानराव, जेवलात का’ झालं, ठेवला फोन. काय बोलता एवढं?” आवाज हसरा ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता. “विहीण माझी हाय ती.”

सरांनी तो सूर लगेच ओळखला. त्यांना बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. ते बरं वाटणं त्यांनी थोडा वेळ जिभेवर घोळवलं. मग म्हणाले, “या रविवारी देवणीला या. जयाला घेऊन या. आपण दोघं मिळून बसू.”

“मला काय कळणार हाय त्यातलं?”

“मी सांगतो ना.”

भगवानराव आले. दुकान टाकून, ऐन पेरणीत, चार तासांचा प्रवास करून. नवा सदरा घातला होता. सरांनी लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या मांडल्या. पडदा उजळला, मार्गारेटबाईंचा चेहरा आला, आणि दोघांना एकत्र पाहताच त्या मोठ्यानं म्हणाल्या, “भगवानराव!”

नुसतं भगवानराव. शेजारी बसलेल्या सरांचं नाव नाही. सरांना पुन्हा तेच टोचलं. त्यांनी ते टोचू दिलं, लॅपटॉप थोडा साडूंच्या बाजूला फिरवला आणि विचारलं, “बोला बाई, ॲनचं काय सापडलं?”